हेलिकॉप्टरात सापडलेली कवळी

अमरावतीला कायमची राहायला आले, त्याच्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या माधुरीताईंनी गच्चीच्या कठड्यावरून विचारलं, "अवो वंदनाताई, तुमी लढाईत होत्या म्हणे. किती माणसं मारली?"

ओल्या चादरीचं टोक हातात धरून त्या उत्तराची वाट पाहत होत्या.

"एकही नाही. मी मेकॅनिक होते. हेलिकॉप्टरं दुरुस्त करायचे."

"असं होय," त्या म्हणाल्या आणि जरा हिरमुसल्याच. पण चादर वाळत घालून झाल्यावर पुन्हा कठड्याशी आल्या. "मंग लढाई दिसे काय तिथून?"

हा प्रश्न मला आवडला. कॅनडात वीस-बावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी तिथल्या हवाई दलात. पण असं नेमकं मला कुणी विचारलं नव्हतं. खरं उत्तर असं की लढाई दिसत नसे. आम्ही तळावर, कुंपणाच्या आत. हेलिकॉप्टर सकाळी जायचं आणि कधीतरी परत यायचं. मधे त्याचं काय झालं ते त्याच्या अंगावरून ओळखायचं, बस.

आणि मला ती ओळखायची भारी हौस. दक्षिण अफगाणिस्तानात आम्ही होतो, तिथली धूळ एकसारखी दिसते असं नवख्यांना वाटतं. तशी ती नसते. नदीकाठी उतरलेलं हेलिकॉप्टर राखाडी होऊन यायचं, डोंगराकडून आलेलं तांबूस. चाकांत बार्लीचं काड अडकलेलं असलं तर ते शेतात उतरलं होतं. एकदा जाळीत अख्खी डाळिंबाची फांदी, पानांसकट. एकदा पोटाला बोट जाईल एवढं भोक, आणि आत बसलेल्यांना ते माहीतही नाही. मी ते दाखवल्यावर वैमानिकाने दोन वेळा बोट घालून पाहिलं आणि मग खाली बसला.

ही सवय आईची. अकोल्याच्या जुन्या शहरात आमची पिठाची गिरणी होती. वडील गेल्यावर आई एकटीने चालवायची. पीठ चिमटीत चोळून ती दगड कसा चाललाय ते सांगायची. मी शाळेत असताना, गिरणी बंद असलेली पाहून मोटारीचं झाकण उघडलं आणि आत काय आहे ते बघत बसले. आईने पाठीत एक धपाटा दिला आणि म्हणाली, "खोलली त खोलली. आता जोडून दे." संध्याकाळी दळण सुरू झालं. पुढे आयटीआय केलं, लग्न होऊन कॅनडात गेले, ट्रकच्या गॅरेजात लागले, आणि तिथून सैन्यात भरती झाले. ते सगळं सांगत बसत नाही. माझा नवरा अशोक, मूळचा भातकुलीचा, तिकडे गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात होता. अफगाणिस्तानला जायचा हुकूम आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "काहून जाऊन राह्यली तू? आपली लढाई हाये काय ते?"

"हुकूम आहे," मी म्हटलं. ते खरं होतं. पण मला जायचंही होतं. अशा धुळीत, अशा मारात यंत्र टिकतं कसं, ते मला पाहायचं होतं.

ती कवळी सापडली तो दिवस भर उन्हाचा. माझ्याबरोबरची पोरं सावलीत पडलेली. त्यांना ते ऊन सोसायचं नाही. मला अकोल्याचा मे महिना माहीत होता. आमचं हेलिकॉप्टर म्हणजे दोन मोठ्या पंख्यांचं, पोटात अख्खी जीप मावेल असं, सामान वाहणारं. आदल्या दिवशी मात्र त्यातून माणसं आणली होती. रस्त्यात पुरलेला बॉम्ब एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली फुटला. ट्रॉलीत लग्नाला निघालेली गावची मंडळी. जखमींसाठीची नेहमीची हेलिकॉप्टरं दुसरीकडे गुंतलेली, म्हणून आमचं आणि आणखी एक पाठवलं.

अशा फेरीनंतर जमिनीच्या पट्ट्या उचलून खालची पोकळी साफ करावी लागते. तिथून तारा आणि नळ्या जातात, आणि रक्त त्यात उतरलं तर धातू खातं. हे काम कुणालाच नको असतं. मी पट्टी उचलली, हात घातला, आणि बोटांना दात लागले.

वरची पूर्ण कवळी. गुलाबी हिरड्यांची, नीट घासलेली, एकही दात न तुटलेली.

पोरं दोन पावलं मागे सरली. एक जण म्हणाला, "फेकून दे." पण आमच्या धंद्याचा एक नियम आहे. यंत्रात परकी वस्तू सापडली की ती कुणाची, कुठून आली, याचा छडा लागल्याशिवाय यंत्र पुढे जात नाही. हा नियम पान्यांसाठी आणि स्क्रूंसाठी असतो, कवळीसाठी नव्हे. पण मला निमित्त मिळालं. मी ती धुतली, रुमालात गुंडाळली आणि तळावरच्या इस्पितळात गेले.

तिथल्या नर्सला काही विचारावंच लागलं नाही. तिने कोपऱ्यातल्या खाटेकडे बोट दाखवलं. "तो म्हातारा. कालपासून तोंडावरचा हात काढत नाही. खात नाही, बोलत नाही."

पांढरी दाढी, मांडीपासून खाली प्लास्टर, आणि खरोखरच पंजाने तोंड झाकलेलं. मी रुमाल उघडून समोर धरला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. कवळी उचलली, भिंतीकडे तोंड करून बसवली, दोनदा दात वाजवून पाहिले. मग वळून, चक्क उर्दूत म्हणाला, "पानी मिलेगा?"

मी इतकी चकित झाले की पाणी द्यायचं विसरले. "चाचा, आपको हिंदी आती है?"

"उर्दू," त्याने दुरुस्ती केली. "पेशावर में बारा साल रोटी लगाई है तंदूर पर. तू कौन है? तू तो इनकी नहीं लगती."

"हिंदुस्तान की हूँ. अकोला."

"अकोला किधर है?"

हे मला आयुष्यात पुष्कळांनी विचारलंय, पुण्यात तर जास्तच. मी म्हटलं, "बंबई और नागपूर के बीच में." त्याने मान हलवली, जणू त्याला पटलं. मग माझ्या वर्दीवरचा झेंडा पाहिला. "पैदा उधर की, कपड़ा इनका. और लड़ाई हमारे घर में. ये हिसाब कैसा है, बेटी?"

  मी पाणी आणून दिलं.

त्याचं नाव नसरुल्ला. डाळिंबाची बाग होती. बॉम्ब कुणी पुरला ते त्याला माहीत नव्हतं, आणि आपल्याला उचलून कुणी आणलं तेही. तो बेशुद्ध होता. त्याला एकच गोष्ट विचारायची होती, आणि दात नसल्यामुळे ती तो कालपासून कुणाला विचारत नव्हता. परक्या बायांसमोर बोळक्या तोंडाने बोलायचं नाही, हा त्याचा हट्ट.

"मेरी बीवी ट्रॉली में मेरे बाजू में बैठी थी. ज़रगूना नाम है. यहाँ किसी खाट पर नहीं है. बस इतना बता दे, ज़िंदा लाए या मुर्दा?"

इस्पितळात बाहेरच्यांच्या नावाची नीट नोंद नव्हती. पण हेलिकॉप्टर कुठे गेलं हे मला कळू शकत होतं. आमच्या हेलिकॉप्टरवर मागच्या दाराशी बसणारा मार्क नावाचा फ्लाइट इंजिनिअर होता, उंच, अबोल. माणसं आत घेणं-उतरवणं त्याचं काम. मी त्याला जेवणाच्या रांगेत गाठलं.

"म्हाताऱ्या बाया दोन होत्या," तो आठवून म्हणाला. "एक आपल्याकडे. ती वाटेत गेली."

"कशी होती?" मी विचारलं.

"फार म्हातारी. हिरवी शाल. दुसरी जरा तरुण, हाताला लागलेलं. ती दुसऱ्या हेलिकॉप्टरमध्ये गेली. इथे जागा नव्हती म्हणून त्यांनी ते उत्तरेकडच्या तळावर नेलं."

मी धावतच परत गेले. "चाचा, ज़रगूना चाची की शाल कौन से रंग की थी?"

त्याने डोळे मिटले. मला वाटलं आठवतोय. तो घाबरला होता. "शाल नहीं. चादर थी. नीली. हरी शाल मेरी भाभी की है."

म्हणजे एक आनंदाची आणि एक दुःखाची बातमी एकाच वाक्यात द्यायची होती. मी दिली. तो भावजयीसाठी रडला, मग बायकोबद्दल पुन्हा पुन्हा विचारू लागला. नर्सने फोन लावून खात्री केली. ज़रगूना जिवंत होती, पण उजवा हात कोपरातून काढावा लागला होता, ताप उतरत नव्हता, आणि शुद्धीवर आली की नवऱ्याचं नाव घेत होती. डॉक्टरांचं म्हणणं, त्याला आणता आलं तर लवकर आणा.

रस्त्याने न्यायचं म्हणजे बॉम्ब फुटला त्याच रस्त्याने. नर्सने आणि मी मिळून सगळ्यांच्या डोक्याशी भुणभुण लावली. शेवटी आमचा वैमानिक, कॅप्टन डॅनियल, तयार झाला. उत्तरेकडे पीठ, तेल आणि औषधं न्यायची होतीच. म्हाताऱ्याला स्ट्रेचरसकट मागे घेऊ, म्हणाला.

उड्डाणाच्या सकाळी तपासणी माझ्याकडे होती.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगावं लागेल. इंजिन जोरात फिरतं, पंखा त्याहून पुष्कळ हळू. मधे दातेरी चाकांची एक पेटी असते, तेलात बुडालेली. त्या तेलात एक चुंबकाची खुंटी खोचलेली असते. चाकं घासून जो काही लोखंडाचा कीस सुटेल तो खुंटी धरून ठेवते. आम्ही ती काढून बघायची. काजळासारखी मऊ पूड असली तर काळजी नाही, सगळीच यंत्रं झिजतात. पण त्यात कपची दिसली तर आतलं काहीतरी तुटू लागलंय. आणि ती पेटी हवेत तुटली तर हेलिकॉप्टर दगडासारखं खाली येतं.

मी खुंटी काढली, तिच्यावरचं पुसून चिमटीत चोळलं. पूड होती. त्या पुडीत नखाच्या कातरणीएवढं काहीतरी टोचलं.

बाहेर सावलीत नसरुल्लाचाचा स्ट्रेचरवर होता. कुणीतरी त्याची दाढी विंचरून दिली होती.

मी तेलही गाळून पाहिलं. आणखी दोन कपच्या. आमच्या प्रमुखाला बोलावलं. त्याने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "हे आज उडत नाही." कॅप्टन डॅनियल आला. तो चांगला माणूस होता, रागावला नाही. त्याने फक्त विचारलं, "एक फेरी? जाऊन येऊन?"

"होईलही," मी म्हटलं. "नाहीही होणार. मला सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणूनच नाही म्हणते."

त्याने हेल्मेट काखेत धरलं आणि मान डोलावली. दुसरं हेलिकॉप्टर मिळत नव्हतं. गावच्या एका म्हाताऱ्यासाठी तर नाहीच. चाचाला सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण भाषा माझ्याकडे होती.

"मशीन में ख़राबी है, चाचा. आज नहीं जा सकते."

"कल आया तब तो ठीक था."

"अंदर का है. दिखता नहीं बाहर से."

"किसने देखा?"

"मैंने."

 तो हळू आवाजात म्हणाला, "बेटी, एक बार उड़ा दे. गिरेगा तो मैं गिरूँगा. मैं लिख के देता हूँ."

"आपके साथ चार और गिरेंगे. उनके भी घर में लोग हैं."

"मेरे घर में एक ही बची है," तो म्हणाला, आणि भिंत नव्हती म्हणून त्याने आकाशाकडे तोंड केलं. त्याला परत वॉर्डात नेलं.

नवी पेटी यायला आणि बसवायला जे दिवस लागले ते मला फार लांब गेले. जुनी उतरवताना माझा जीव तिच्या आत काय आहे ते बघायला तडफडत होता, पण ती जागेवर उघडायची परवानगी नसते. सील करून कारखान्याकडे जाते. मधल्या काळात मी दोनदा वॉर्डात गेले. चाचा जागा असायचा, पण मी आले की डोळे मिटून घ्यायचा. उत्तरेकडून फोनवर कळायचं ते रोज सारखंच: ताप आहे, जिवंत आहे. पेटीचे बोल्ट आवळताना मला वाटायचं, मी जे तीन तुकडे पाहिले ते निरुपद्रवी असले तर? आधीच्या दुरुस्तीतला एखादा कचरा असला तर? मग मी त्या माणसाला उगाच अडवलं आणि तिकडे ती बाई गेली, तर?

कारखान्याचं उत्तर पुढे कित्येक महिन्यांनी, मी कॅनडात परतल्यावर आलं. ते इथेच सांगून टाकते. एका बेअरिंगच्या गोळ्यांचे पापुद्रे निघत होते. किती तास टिकलं असतं? त्यांनाही सांगता आलं नाही. मी तो कागद अशोकला वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "मंग तू बरोबर होती." मी म्हटलं, बरोबर होते हे आत्ता कळलं. तेव्हा माहीत नव्हतं, आणि निर्णय तेव्हाच घ्यायचा होता.

नवी पेटी बसवल्यावर पहिल्यांदा तळाभोवतीच चाचणीचं उड्डाण करतात, आणि तेव्हा जोडणाऱ्यालाही आत बसवायची आमच्याकडे पद्धत होती. ते पार पडलं. मग कॅप्टन म्हणाला, "उत्तरेकडेही चल. म्हाताऱ्याशी बोलायला कुणीतरी हवं."

चाचाला आत घेतलं तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तू भी बैठेगी?"

"हाँ."

"डर नहीं लगता?"

"मैंने ही जोड़ा है."

"इसीलिए पूछ रहा हूँ," तो म्हणाला. मार्कने मला विचारलं, काय म्हणतोय, हसतेस का? मी पंख्यांच्या आवाजात त्याला सांगू शकले नाही.

त्या उड्डाणात मी तो देश पहिल्यांदा पाहिला. इतके दिवस ज्याची धूळ, काड, पानं हाताने काढत होते, ते सगळं खाली होतं. नदी, तिच्या काठाने बागांचे हिरवे चौकोन, मातीच्या भिंती, एक माणूस गाढव थांबवून वर बघतोय. चाचा खिडकीजवळ होता. एका ठिकाणी त्याने काच ठोकली आणि बोट दाखवलं. त्याची बाग असावी. नक्की कोणता चौकोन ते मला कळलं नाही.

उत्तरेकडच्या तळावर वॉर्ड म्हणजे एक लांब तंबू. ज़रगूना शेवटच्या खाटेवर होती. बारीक बाई, उजव्या बाजूला बँडेजचा गोळा, डोळे उघडे. ताप सकाळीच उतरला होता. मला वाटलं होतं दोघं रडतील. तिने नवऱ्याला स्ट्रेचरवरून येताना पाहिलं आणि पश्तोत सरबत्ती सुरू केली. आवाज क्षीण, पण सूर ओळखीचा. भाषा कळत नसली तरी बायको रागावलेली कुठेही कळते.

"क्या बोल रही है?" मी विचारलं.

चाचाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "पूछती है, इतने दिन किधर मर गया था." मग त्याने माझ्याकडे बोट करून तिला काहीतरी लांबलचक सांगितलं. त्यात 'मशीन' एवढाच शब्द मला कळला. मी मनाची तयारी केली.

ज़रगूनाने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. बूट, तेलाचे डाग पडलेली वर्दी, कापलेले केस. मग डाव्या हाताने खुणेने जवळ बोलावलं, माझा हात धरला, उलटा केला आणि नखांतलं काळं बघत राहिली. अंगठ्याने ते पुसून पाहिलं. निघत नाही म्हटल्यावर सोडून दिलं. 

बाहेरून मार्क हाक मारत होता. सामान उतरवून झालं होतं, निघायचं होतं. मी उठले आणि सवयीने, कुणाला कळणार नाही हे माहीत असूनही, आमच्या वऱ्हाडीत म्हणाले, "बरं, येतो मी."

"ये क्या बोली?" चाचाने विचारलं.

"हमारे यहाँ निकलते वक़्त 'जाता हूँ' नहीं बोलते. अच्छा नहीं समझते. 'आता हूँ' बोलते हैं."

त्याला ते फार आवडलं. त्याने तिला समजावून सांगितलं. तिने ऐकलं, जरा विचार केला, आणि मला उद्देशून एकच वाक्य बोलली. चाचा लगेच सांगेना.

"बोलो ना चाचा. क्या बोली?"

"बोलती है, आना. अनार के वक़्त आना, घर पे रहना." तो थांबला. "पर ये मशीन लेके मत आना."

मी हो म्हटलं. मग धावत हेलिकॉप्टरकडे गेले, मागचं दार वर उचललं गेलं, आणि तंबू धुळीत दिसेनासा झाला. नोकरी सोडून आता बरीच वर्षं झाली. यंत्र सुटलं, वर्दी सुटली. जायचं मात्र राहिलंच आहे.